आर्म, डिसआर्म आणि आमचे यजमान



आज धर्मचर्चा थोडी आणि तक्रार जास्त असणार आहे, हे आधीच सांगून ठेवते. तक्रार चोराची नाही, यंत्राचीही फारशी नाही. यंत्राच्या खोक्यात घडी घालून जो मुंगीच्या अक्षरातला कागद येतो, त्याची आहे.

होळीला मुलगा पुण्याहून मुखेडला आला तेव्हा घराला रिमोटचा अलार्म बसवून गेला. कारण तसंच होतं. आमच्या मागच्या गल्लीत दोन बंद घरं फुटली होती आणि आमच्या घरात आम्ही तिघंच: मी, हे आणि ८७ वर्षांच्या सासूबाई. त्याला तिकडे झोप लागेना. त्यानं ते ऑनलाइन मागवलं, एका दुपारी भिंतीवर बसवलं, आपल्या मोबाइलला जोडलं, "आई, सगळं पुस्तकात लिहिलंय" म्हणाला आणि रात्रीच्या गाडीनं गेला.

आमच्या घराला पूर्वी अडसर होता. सागवानी दाराच्या मागे भिंतीतून ओढायचा आणि समोरच्या खाचेत सारायचा, की झालं. अडसराला पुस्तक नव्हतं. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आपल्याकडे मातीच्या माळवदाची सगळ्यांनाच भीती बसली. आम्हीही माळवद उतरवून स्लॅब टाकला, तेव्हा तो अडसर सरपणात गेला. आता दाराला लोहचुंबकाचे दोन तुकडे आहेत.

तर पुस्तक. चोवीस पानं, सगळी इंग्रजी. इंग्रजीचा मला बाऊ नाही. मी १९८२ची बी.कॉम. आहे, उदगीरला शिकले, मर्कंटाइल लॉचा पेपर इंग्रजीत लिहून पास झाले. दुकानाची बँकेची पत्रं आजही मीच वाचते. पण हे इंग्रजी कुठल्याशा दुसऱ्या भाषेतून यंत्रानं ओढून आणलेलं दिसत होतं. पहिल्याच पानावर 'फॉर्टिफिकेशन' कसं करायचं ते दिलं होतं. फॉर्टिफिकेशन म्हणजे तटबंदी. मला कंधारचा किल्ला आठवला, पाण्यानं भरलेल्या खंदकासकट. पुढच्या पानावर त्यालाच 'आर्म' म्हटलं होतं, त्याच्या पुढे 'अवे', आणि शेवटच्या तक्त्यात 'डिफेन्स'. चार शब्द, आणि चारही एकाच बटणासाठी. हे कळायला मला आठ दिवस लागले, कारण चार शब्द दिसले की माणूस चार बटणं शोधतो. रिमोटला बटणंही नेमकी चारच!

खरी गंमत 'होस्ट' या शब्दाची झाली. भिंतीवरच्या मुख्य डब्याला पुस्तकात होस्ट म्हटलंय. होस्ट म्हणजे यजमान. मी मोठ्यानं वाचत होते आणि भाषांतर करून सांगत होते: "यजमानांना शिकाऊ अवस्थेत ठेवा. यजमानांनी एकदा आवाज केला की रिमोटचे कोणतेही बटण दाबा. यजमान दोनदा ओरडल्यास शिकणे यशस्वी झाले." माझे यजमान समोरच चहा पीत बसले होते. म्हणाले, "चाळीस वर्षांत तुला जमलं नाही, ते रिमोटला जमतंय का बघ."

मग मोबाइलवर निरोप यायला लागले. 'एसी फेल.' एका दिवसात पाच वेळा. हे म्हणाले, आपल्याकडे एसी आहेच कुठे फेल व्हायला? एसी म्हणजे विजेचा प्रवाह. लाइट गेली की यंत्र तसं कळवतं आणि आतल्या बॅटरीवर चालू राहतं. मुखेडात लाइट किती वेळा जाते हे आम्हाला निरोपाशिवायही कळतं. पण ते यंत्राला कोण सांगणार, आणि तो निरोप बंद कसा करायचा हे पुस्तकात मला आजतागायत सापडलेलं नाही.

इथवर हसण्यावारी नेता आलं. पुढचं नाही.

रिमोटवर चार चित्रं आहेत: बंद कुलूप, उघडं कुलूप, विजेचा लोळ आणि घंटी. पुस्तकाच्या सहाव्या पानावर लिहिलंय, रात्री झोपताना बंद कुलूप दाबा. पहिल्या रात्री आम्ही तेच दाबलं. रात्री अडीचच्या सुमारास सासूबाई न्हाणीघराकडे जायला उठल्या, पॅसेजमध्ये आल्या आणि भोंगा सुटला. खोक्यावर ११० डेसिबल लिहिलंय, ते मात्र अगदी खरं आहे. मी धावत गेले तर त्या भिंतीला धरून खाली बसलेल्या. "काय वरडूलालंय गं ते? कोण गेलं?" एवढंच विचारत होत्या. त्यांना वाटलं, घरात कुणीतरी गेलं आणि हा आकांत चाललाय.

रिमोट सापडेपर्यंत दोन मिनिटं गेली. तोवर यंत्रानं पुण्याला फोन लावला होता, पुण्याहून मुलानं शेजारी फोन लावला होता आणि शेजारच्या भाऊजींनी बॅटरी आणि काठी घेऊन आमच्या दाराची कडी वाजवली होती. त्या आठवड्यात हे आणखी एकदा झालं. त्याही वेळी भाऊजी आले, जांभई देत. तिसऱ्यांदा पडदा पंख्यानं हलला आणि भोंगा वाजला तेव्हा कुणी आलं नाही. त्यांना मी दोष देत नाही. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. पण या गल्लीत तीस वर्षं हाकेला माणूस धावून यायचा. ती हाक या डब्यानं आठ दिवसांत बोथट केली.

त्याहून वाईट गोष्ट मला एप्रिलअखेरीला कळली. सासूबाईंना सूर्यास्तानंतर अन्नपाण्याचा त्याग आहे. पन्नासेक वर्षांचा नेम. त्यामुळे संध्याकाळी पाचपासून सूर्य मावळेपर्यंत त्या आठवणीनं तांब्याभर पाणी पितात. तो तांब्या रोज भरलेलाच राहायला लागला. मी विचारलं तर आधी बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पाणी पिलं की रात्री उठावं लागतं. उठलं की ते वरडतंय." पुढे दुपारचंही पाणी त्यांनी कमी केलं होतं. मराठवाड्यातला उन्हाळा, पारा चाळीशीच्या वर, वय ८७, आणि बाई पाणी पीत नाही, का तर भिंतीवरच्या डब्याला भिऊन! डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि आम्हालाच रागावले. राग मला आला तो त्या सहाव्या पानाचा. कारण ज्या बटणानं हे सगळं टळलं असतं त्याचा उल्लेख सतराव्या पानावर, एका ओळीत, कंसात होता.

यंत्र मुळात अवघड नाही. तुमच्यापैकी कुणाकडे येणार असेल तर समजून ठेवा. घराला दोन तऱ्हेचे डोळे असतात. एक दारावरचे: चौकटीवर एक तुकडा, दारावर चुंबक, दार उघडून चुंबक लांब गेला की यंत्राला कळतं. ही युक्ती पावणेदोनशे वर्षांची होत आली. अमेरिकेत ऑगस्टस पोप नावाच्या गृहस्थानं १८५३ साली दार-खिडकी उघडली की विजेची घंटा वाजेल अशा साधनाचं पेटंट घेतलं होतं, आणि दार पुन्हा लावलं तरी त्याची घंटा थांबत नसे. दुसरे डोळे कोपऱ्यातले: ते अंगाची उष्णता हलताना ओळखतात. बंद कुलूप दाबलं की दोन्ही तऱ्हेचे डोळे उघडतात. म्हणजे घर पूर्ण रिकामं असतानाच ते दाबायचं. घरात माणसं झोपलेली असताना फक्त दारांचे डोळे उघडे हवेत, आतले मिटलेले. त्यासाठी वेगळं बटण असतं, त्याला कुणी होम म्हणतात, कुणी स्टे. आमच्या रिमोटवर तो विजेचा लोळ आहे. आता रात्री निजायच्या बटणावर वीज कोणाच्या डोक्यातून आली? सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "वीज म्हणजे लाइटीचं असंल." मला विचारलं असतं तरी मी तेच म्हटलं असतं.

मला इथे एका बाईची आठवण येते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाची एक परिचारिका राहत होती. नवरा आल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्सचं काम करणारा. दोघांच्याही कामाच्या वेळा अडनिड्या. रात्री घरी एकटी असताना कडी वाजली की उठून दाराशी जायची भीती, आणि पोलिसांना बोलावलं तरी लवकर येत नसत. तेव्हा दोघांनी मिळून दाराला भोकांसमोर सरकणारा कॅमेरा, खोलीत पडदा, बोलायची सोय, पलंगावरूनच दार उघडायचं बटण आणि मदत बोलवायचं बटण अशी यंत्रणा आखली. पेटंटसाठी १९६६ साली अर्ज केला, ते १९६९च्या डिसेंबरात मिळालं. आज जगभर घरात बसतात त्या सुरक्षायंत्रणांच्या आजीबाईंमध्ये तिची यंत्रणा मोजतात. घरात राहणाऱ्या बाईनं स्वतःच्या भीतीवर शोधलेली ही वस्तू! ती माझ्यापर्यंत येईतो तिच्या पुस्तकातून घरात राहणारी बाई मात्र गायब झाली. आमच्या पुस्तकातल्या चित्रात सगळीकडे सूट घातलेला माणूस ब्रीफकेस घेऊन घराबाहेर पडतोय. घरात कुणी म्हातारं माणूस झोपलंय असं एकही चित्र नाही.

आता माझा जुना पेपर. १९३०च्या मालविक्री कायद्यात, सोळाव्या कलमात, 'ग्राहका, सावध राहा' हे तत्त्व आम्हाला पाठ करायला लावलं होतं. घेताना बघून घे, नंतर बोलू नको. तेव्हापासून पुलाखालून बरंच पाणी गेलंय. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा मी मुद्दाम काढून वाचला. त्याच्या ८४व्या कलमात उत्पादक कधी जबाबदार ठरतो त्याची यादी आहे आणि त्यात चक्क असं आहे, की इजा टळावी म्हणून योग्य वापराच्या पुरेशा सूचना दिल्या नसतील तरीही तो जबाबदार. वाचून बरं वाटलं. मग नीट वाचलं. आधी इजा व्हायला हवी. सासूबाई त्या रात्री भिंतीला धरून बसल्या त्याऐवजी पडल्या असत्या, मांडीचं हाड मोडलं असतं, तर सहावं पान पुराव्याला आलं असतं. न प्यायलेल्या पाण्याचा हिशोब कुठल्या कलमात मांडणार?

आणि भाषेचं काय? वेष्टनावर जे छापावं लागतं, किंमत, आयात करणाऱ्याचं नाव वगैरे, ते २०११च्या नियमांप्रमाणे हिंदीत किंवा इंग्रजीत असलं की पुरतं. दुसरी भाषा वाटलं तर जास्तीची छापावी. आतल्या पुस्तकाबद्दल तर तेही नाही. २०२४च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आम्ही पेढे वाटले. पण अभिजात मराठीत भोंगा कसा बंद करायचा हे मुखेडच्या बाईला सांगायची कुणावरही सक्ती नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं, एवढा दिलासा आहे. वापराच्या सूचना कशा लिहाव्यात याचं आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा आहे, २०१२ सालचं, २०१९ला सुधारलेलं. सूचना हा वस्तूचाच भाग आहे, वरून चिकटवलेला कागद नाही, असं ते मानतं. आमच्या अकाउंटन्सीच्या सरांचं हेच म्हणणं होतं. जर्नल एंट्री केली, आकडे जुळले, पण खाली नॅरेशन लिहिलं नाही, तर ते निम्मे मार्क कापत. "आकडा तुला कळतो, उद्या वही उघडणाऱ्याला कसा कळेल?" असं म्हणत. कंपनीला मी हेच मराठीत लिहून पाठवलं. उत्तर आलं, इंग्रजीत: कृपया पुस्तिकेचे सहावे पान पाहावे.

शेवटी मेच्या एका दुपारी आम्ही तिघांनी काम हाती घेतलं. भोंग्यावर दोन गोधड्या गुंडाळल्या, शेजारी सांगून आले की आज वाजेल, येऊ नका. हे घरभर चालायचे, मी बटण दाबायचे, सासूबाई घड्याळ बघून सांगायच्या किती वेळानं वाजलं. बंद कुलूप दाबल्यावर बाहेर पडायला ४० सेकंद मिळतात, हे पुस्तकात कुठेच नव्हतं, सासूबाईंच्या घड्याळातून कळलं. सासूबाई त्या दुपारी मधूनमधून हसतही होत्या. भोंगा गोधडीत गुदमरल्यावर त्याची जरब गेली.

मग मी वहीच्या एका पानावर मराठीत लिहायला घेतलं. नावं आम्हीच ठेवली. बंद कुलूप म्हणजे 'पूर्ण पहारा', कुणीच घरात नसताना. विजेचा लोळ म्हणजे 'रात्रीचा पहारा'. उघडं कुलूप, 'पहारा बंद'. घंटी म्हणजे जिवावर बेतलं तर दाबायची, तिला सासूबाईंनी नाव दिलं 'धावा'. रिमोटवर टिकल्या चिकटवल्या: रात्रीच्या पहाऱ्याला हिरवी, धाव्याला लाल. अंधारात हाताला कळावं म्हणून लाल टिकली खड्याची लावली.

पान भरत गेलं तसं पुस्तकात नसलेलं बरंच लिहावं लागलं. आतल्या डोळ्यासमोर पडदा, पंखा, पश्चिमेची खिडकी नको. भर उन्हाळ्यात बंद घर माणसाच्या अंगाइतकं तापलं की ह्या डोळ्याला माणूस आणि भिंत यांतला फरक कमी कळतो, तेव्हा दारांच्या डोळ्यांवर भिस्त ठेवा. डब्यातल्या सिमकार्डाची मुदत संपली की भोंगा गल्लीला ऐकू येतो, पुण्याला नाही. रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लिहा. यंत्राचा गुप्त आकडा कारखान्यातून १२३४ असाच येतो आणि तो पुस्तकात सगळ्यांसाठी छापलेला असतो, तेव्हा पहिल्या दिवशीच बदला. पावसाळ्यात सागवानी दार फुगतं, चुंबकाचे तुकडे एकमेकांपासून सरकतात, खिळा पुन्हा बसवावा लागतो. आणि शेवटी ११२, पोलिसांचा, मोठ्या अक्षरात, कारण यंत्र बिघडलं तरी फोन आहेच.

पालीचं एक राहिलंच. ट्यूबलाइटच्या किड्यांमागे पाल यायची, अगदी डोळ्याच्या काचेवरून चालायची आणि भोंगा वाजायचा. एकदा तर माझ्या सामायिकात वाजला, अठ्ठेचाळीस मिनिटांतली चाळीस झाली असताना. वायरमन पोरगा म्हणाला, "काकू, स्प्रे मारा, पाली अन् किडे दोन्ही जातील." पुस्तकातही तसंच आहे, कीटकनाशकानं परिसर स्वच्छ ठेवावा म्हणून. आमच्या घरात ते होणार नाही. ट्यूबलाइट समोरच्या भिंतीवर हलवली, किडे तिकडे गेले, पाल त्यांच्यामागे गेली. तो खर्च दीडशे रुपये आला आणि कुणाचा जीवही गेला नाही.

सासूबाईंचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. "चोरानं न्यावं असं आहे काय गं आपल्या घरात?" दोन पाटल्या, शेताचे कागद, देव्हाऱ्यातलं चांदीचं छत्र. त्यांनी परिग्रहाचं परिमाण घेतलंय, वस्तू मोजून ठेवल्यात, आणि त्यात ही एक वाढली म्हणून त्या नाराज आहेत. मी म्हणते, डबा वस्तूंसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. त्यावर त्या काही बोलत नाहीत. पण संध्याकाळचा तांब्या रिकामा होतो, आणि रात्री निजताना हिरवी टिकली त्या स्वतःच्या बोटानं दाबतात.

मार्गशीर्षात आम्ही दोघं सम्मेद शिखरजीला निघालोय. सासूबाई उदगीरला नणंदेकडे राहतील, घर पहिल्यांदाच पंधरा दिवस बंद असेल. किल्ली, रिमोट आणि ते पान शेजारच्या वहिनींकडे देऊन ठेवणार आहे. परवा त्यांना पान वाचायला दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, रिमोट हातात घेऊन चारही बटणांची नावं सांगितली आणि म्हणाल्या, "सगळं कळलं. पण वाजलं आणि चोर नसला, तर तुमच्या मुलाला मी सांगू की तो मला विचारणार?" ती ओळ पानावर नव्हती. मी तिथेच उभ्या उभ्या लिहिली: आधी वहिनी बघतील, मग पुण्याला फोन करतील.